पायी माणसाला रकाना नाही

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला: वाट. त्यांच्या मनात बहुधा आषाढीची वाट असावी, नाहीतर सह्याद्रीतली एखादी पायवाट. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आलं उमरोळी स्टेशन. पालघर आणि बोईसर या दोन मोठ्या नावांच्या मधलं हे लहान ठाणं. चर्चगेटहून शंभरेक किलोमीटरवर. डहाणू लोकल विरार सोडल्यावर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर करत इथे येते आणि पुढे बोईसर, वाणगाव, डहाणू रोडला जाते. लांब पल्ल्याच्या गाड्या उमरोळीला नुसत्या भोंगा वाजवत निघून जातात. त्या गेल्या की फलाटावरच्या बायका पदर सावरतात आणि राहिलेलं बोलणं पुढे सुरू करतात.

इथली वाट म्हणजे रुळांच्या या बाजूकडून त्या बाजूला जायची वाट. रस्ता सुधारायचा, पूल बांधायचा, फाटक बंद करायचं की ठेवायचं हे शहरात नगरपालिका ठरवते, असा आपला समज असतो. पालघरला नगरपरिषद आहे. मात्र त्या हद्दीबाहेर पडलं की ग्रामपंचायती लागतात, आणि कारखान्यांनी फुगलेलं बोईसरही वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्याच कारभारात वाढत आलेलं आहे. मग उमरोळीसारख्या गावाने रूळ कसे ओलांडायचे हे ठरवतं कोण, एवढाच प्रश्न मनात धरून मी या पट्ट्यात हिंडलो.

दोन रुळांचे सहा होताना

मुंबईहून गुजरातकडे जाणारी ही रेल्वे जुनी. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची गाडी १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत पोचली. तेव्हापासून इथल्या अनेक गावांचं घर एका बाजूला आणि शेत, तळं किंवा मसण दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी होऊन बसली. तेव्हा दिवसाला मोजक्या गाड्या. गुरं चारणारा पोरगा कान रुळाला लावायचा आणि गुरं पार करायचा. लोहमार्ग गावाच्या आयुष्यातला एक अडथळा होता, ओढ्यासारखा. ओढा जसा उतार बघून ओलांडायचा, तसेच रूळही.

आता तसं राहिलेलं नाही, आणि बदल एकाएकी झालेला नाही. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली. त्यानंतर बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिथे हजाराहून अधिक कारखाने आले. कामगार आले, त्यांच्या चाळी आल्या. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली, तशी मुंबईत नोकरी करून उमरोळीला झोपायला येणारी माणसं वाढली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याचं मुख्यालय सिडकोने पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला बांधलं आणि २०२१ साली ते सुरू झालं. आता वाड्याचा, जव्हारचा, मोखाड्याचा माणूस सातबाऱ्याच्या अपिलासाठी या रस्त्यावर येतो. तिकडे बोईसरच्या पूर्वेला बुलेट ट्रेनचं स्टेशन उभं राहतंय.

एवढं सगळं ज्या दोन रुळांच्या आधाराने चाललं, ते दोनच होते. राजधानी त्यांच्यावरून, मालगाडी त्यांच्यावरून, आणि सव्वासातची लोकलही त्यांच्यावरूनच. एक मालगाडी पालघरला घसरली, २८ मे २०२४ ला, तर मुंबई-गुजरात सगळंच लटकलं होतं.

म्हणून विरार ते डहाणू हा ६४ किलोमीटरचा मार्ग चौपदरी करायचं ठरलं. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातलं हे काम आहे आणि ते मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडे आहे. शिवाय जेएनपीटीहून दादरीला जाणारा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, ज्याला इथे सगळे डीएफसी म्हणतात, तोही या रेल्वेच्या अंगानेच जातो. म्हणजे दोन जुने रूळमार्ग, दोन नवे आणि मालगाडीचे दोन. सहा मार्ग सपाटीवरून ओलांडायचे असतील तर फाटक उघडायचं केव्हा? एक गाडी गेली की दुसरी येणार, ती जाते न जाते तोच तिसरी. अशा ठिकाणी फाटक ठेवून चालणार नाही, हे रेल्वेचं म्हणणं खरंच आहे. सफाळे असो की पालघरचं नवली, या भागातल्या फाटकांबद्दलचा राग मी ऐकला आहे. त्या रागातही फाटक कायम ठेवा असं म्हणणारे थोडे. जास्त लोकांचं म्हणणं एवढंच की आधी पर्याय द्या, मग कुलूप लावा.

फाटकाच्या आतला कारभार

फाटकाशी उभं राहून वैतागणाऱ्या माणसाला गेटमन म्हणजे सत्ताधीश वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या हातात फार थोडं असतं. फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतील, रेल्वेच्या भाषेत इंटरलॉक, तर फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप पडल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. एकदा सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत फाटक उघडत नाही. अँब्युलन्स भोंगा वाजवत उभी असली तरी नाही. लोक गेटमनला शिव्या घालतात, तो निमूट उभा राहतो. काही ठिकाणी गेटमन स्टेशन मास्तरच्या वाहतूक खात्याचा असतो, काही ठिकाणी रूळ सांभाळणाऱ्या इंजिनिअरिंग खात्याचा. फाटकावरच्या रस्त्याला खड्डा पडला तर दोन्ही दांड्यांच्या आतला रस्ता रेल्वेचा, बाहेरचा बांधकाम खात्याचा नाहीतर पंचायतीचा. त्यामुळे एकाच खड्ड्यात दोन मालक असू शकतात, आणि बऱ्याचदा असतातही.

जिथे इंटरलॉक नाही तिथे सगळी भिस्त फोनवर. स्टेशन मास्तर गाडी येत असल्याचं कळवतो, गेटमन फाटक बंद करतो आणि खूण म्हणून त्याला एक गुप्त आकडा सांगतो. तो आकडा वहीत लिहिला जातो. त्या आकड्याचा अर्थ एकच, फाटक खरोखर बंद आहे. ही पद्धत माणसाच्या खरेपणावर उभी आहे. ८ जुलै २०२५ ला तामिळनाडूत कुड्डलोरजवळ अशाच एका फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवलं आणि मुलं गेली. त्यानंतर देशभरातल्या फाटकांवर कॅमेरे लावायचे आणि जास्त वर्दळीची फाटकं इंटरलॉक करायची, असे आदेश रेल्वेमंत्र्यांनी काढले.

फाटकाच्या अलीकडे-पलीकडे उंचीची लोखंडी कमान असते. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट, म्हणून. दिवाळीच्या सुमाराला भातकापणी झालेली असते आणि पेंढ्याने गच्च भरलेले टेम्पो रस्त्यावर येतात. या कमानीखाली आल्यावर ड्रायव्हर खाली उतरतो, वर बघतो, डोकं खाजवतो आणि कुणालातरी वर चढवून दोन थर उतरवतो. मागे रांग लागते. कमान मोजायला कुणी गेलेलं नसतं, पण कुठपर्यंत भरायचं हे जुन्या ड्रायव्हरला नजरेने ठाऊक असतं.

गुणाकार

पूल कुठे बांधायचा हे ठरवायला रेल्वेकडे एक माप आहे. त्याला टीव्हीयू म्हणतात. दिवसभरात फाटकावरून जाणाऱ्या गाड्या आणि रस्त्यावरून जाणारी वाहनं, या दोन आकड्यांचा गुणाकार. समजा शंभर गाड्या आणि हजार वाहनं, तर टीव्हीयू एक लाख. एक लाख ओलांडलं की उड्डाणपुलाचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा वाटून घेऊ शकतात, असा नेहमीचा नियम. फाटकाचा वर्ग, तिथली माणसं, यंत्रणा, हे सगळंही त्याच आकड्यावर ठरतं. मोजणी ठरावीक वर्षांनी होते.

या मोजणीत मोटार धरतात एक. बैलगाडी एक. ऑटोरिक्षा अर्धी. दुचाकी पाव. पायी माणूस धरतच नाहीत.

हे कळल्यावर मला उमरोळीकडच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. इथल्या ओलांडणाऱ्यांत पायी माणूसच जास्त. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली बाई, पाड्यावरून मोळी घेऊन येणारी बाई, शाळेची पोरं, पहिल्या पाळीला बोईसरकडे निघालेला कामगार. यांची संख्या कितीही असो, गुणाकारात ती शून्य. आणि शून्याला गाड्यांच्या कितीही संख्येने गुणलं तरी उत्तर बदलत नाही. उलटी गंमत अशी की गावातलं एकही वाहन वाढलं नाही तरी गाड्या वाढल्या की टीव्हीयू वाढतो. म्हणजे पूल मिळाला तरी तो गावाची गरज ओळखून मिळालेला असेलच असं नाही. रेल्वेच्या वेगाला फाटक आड आलं म्हणूनही तो मिळतो. तक्रार नाही. मिळाला तर मिळाला. पण मग तो कसा बांधला जातो, कुठे चढतो, कुठे उतरतो, यातही त्याच गरजेची छाप राहते.

डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली अहवाल दिला. सगळी फाटकं पाच वर्षांत काढून टाका, त्याला पन्नास हजार कोटी लागतील, असं त्यात म्हटलं होतं. तारापूरच्या माणसाला काकोडकरांचं नाव नवं नाही. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्या ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना सुरू झाल्या. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता: रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसं मरतात, त्यांतली सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. पुढे काय झालं? बिनपहाऱ्याची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरून संपली, आणि ते खरोखर मोठं काम झालं. फाटकावर वाहन असतं, म्हणून फाटकाचा प्रश्न खात्याला दिसतो. फाटक नसलेल्या जागी ओलांडणारा माणूस कायद्याच्या लेखी घुसखोर. रेल्वे कायद्याचं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. त्याला पूल बांधून द्यायचं कलम शोधायला जरा खोल जावं लागतं.

ते कलम आहे. याच कायद्याच्या १६ आणि १७ या कलमांत जमीनमालकांच्या सोयीसाठी वाटा, पूल, मोऱ्या करून देण्याची तजवीज आहे. पण रेल्वेने स्वतःच्या खर्चाने करून द्यायचं ते मार्ग सुरू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत. त्यानंतर ज्याला हवं त्याने, म्हणजे मालकाने, राज्य सरकारने किंवा स्थानिक संस्थेने खर्च द्यायचा. इथला मार्ग दीडशे वर्षांहून जुना. आता तिसरी-चौथी मार्गिका आली ती नवी रेल्वे की जुनीच रेल्वे रुंद झाली, यावर वकिलांनी भांडावं. मला तो प्रश्न गमतीचा वाटत नाही, कारण उमरोळीच्या पंचायतीपुढे त्याचं उत्तर रुपयांत येणार आहे.

ठराव कुठे जातो

ग्रामसभा भरते प्रजासत्ताकदिनी, महाराष्ट्रदिनी, स्वातंत्र्यदिनी, गांधीजयंतीला, आणि मधे गरजेप्रमाणे. विषय नेहमीचे: घरकुलाची यादी, पाणी, गटार, दिवाबत्ती. त्यात रेल्वेचा विषय निघाला की सभेचा आवाज चढतो. एकमताने ठराव होतो, कारण या विषयावर गावात दोन पक्ष नसतात. तो ग्रामसेवकाच्या अक्षरात वहीत उतरतो, त्याची प्रत जाते पंचायत समितीला, जिल्हाधिकाऱ्यांना, खासदार-आमदारांना आणि मुंबई सेंट्रलला विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे, म्हणजे डीआरएमकडे. उत्तर येतं किंवा येत नाही. आलं तर ते नम्र असतं.

या ठरावाची किंमत किती, हे कोण मागतंय त्यावर ठरतं. रेल्वेला जेव्हा गावाची जमीन हवी असते, तेव्हा ग्रामसभा फार महत्त्वाची होते. पालघर तालुक्याचा काही भाग आणि जिल्ह्याचा बराचसा डोंगराळ पट्टा अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे पेसा कायद्यामुळे भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. बुलेट ट्रेनच्या वेळी या जिल्ह्यातल्या गावोगावच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले आणि मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यांना ते वाचून दाखवले. तेव्हा त्या वहीचं वजन दिल्लीपर्यंत कळलं. तीच ग्रामसभा जेव्हा म्हणते, आमची वाट बंद करू नका, तेव्हा तो एक अर्ज असतो. वही तीच असते आणि सहीही तीच. रेल्वेला काही हवं असेल तर संमती लागते. गावाला काही हवं असेल तर विनंती करावी लागते.

फाटक कायमचं बंद करताना जिल्हा प्रशासनाची संमती घेण्याची पद्धत आहे. म्हणजे कोळगावच्या त्या नव्या इमारतीत फाईल येते. गावाला दाद मागायची असेल तर खरी जागा ती, डीआरएमचं ऑफिस नंतर. हे ज्या गावांना वेळेवर कळलं त्यांनी पर्यायाची अट कागदावर आणवली. बाकीच्यांना फाटकावर फलक लागल्यावर कळलं.

नगरपरिषद असती तर वेगळं झालं असतं का? थोडं झालं असतं. मुंबईत महापालिका पैसे भरते आणि रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, ही रीत जुनी आहे. पण श्रीमंत महापालिकेलाही रेल्वेशी जुळवून घेणं सोपं गेलेलं नाही. अंधेरीचा गोखले पूल आठवा. २०१८ च्या जुलैत त्याचा पादचारी भाग कोसळला, २०२२ च्या नोव्हेंबरात तो पाडण्यासाठी बंद झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. रेल्वेने मधल्या काळात रुळांवरची उंची वाढवून मागितली होती. मग बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला.

पूल वर, माणूस खाली

हाच उंचीचा मुद्दा पालघरच्या बाजूला फार महागात पडतो. डीएफसीवरून डब्यावर डबा ठेवलेल्या कंटेनर गाड्या जायच्या, म्हणून तिथली वीजतार साडेसात मीटरांच्या आसपास आहे. नेहमीच्या मार्गावर ती दोन मीटरांनी खाली असते. आता हिशोब करा. रस्त्याचा चढ तीसास एक धरला तर पूल एक मीटर उंच नेण्यासाठी दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटर रस्ता वाढतो. दोन मीटर म्हणजे एकेका बाजूला साठ मीटर जादा. आधीच लांब असलेली चढण आणखी लांबते, आणि ती लांबी जाते कुणाच्या तरी भातखाचरातून, वाडीतून, दुकानांच्या दारातून.

मोटरसायकलला याचं काही वाटत नाही. पण ज्या बाईला समोरच्या बाजूला, शंभर पावलांवर, रेशन दुकानात जायचंय, तिने उन्हात अर्धा किलोमीटर चढायचं आणि अर्धा उतरायचं? ती रुळांवरूनच जाते. बहुतेक उड्डाणपुलांना मधे जिना नसतो. जिना केला तर तो कंत्राटाच्या शेवटी होतो, कधी होतही नाही. खालचा भुयारी मार्ग स्वस्त आणि सरळ, पण इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी पुढे सरत नाही आणि भुयारात गुडघाभर तळं होतं. पंप असतो. पंपाला डिझेल कोण घालणार, हा पुन्हा दोन मालकांचा प्रश्न.

शिवाय आता कुंपण आलं. २०२२ च्या सप्टेंबरअखेर या मार्गावर वंदे भारत धावू लागली आणि लगेचच तिला गुरं धडकायला लागली, तेव्हा मुंबई ते अहमदाबाद मार्गाच्या कडेने लोखंडी पट्ट्यांचं कुंपण घालायचं काम निघालं. गुरांसाठी ते बरंच झालं. माणसं ते ओलांडतात. जिथे पायवाट खरीच चालती आहे, तिथे पट्टीखालची माती उकरलेली दिसते आणि पट्टीवर हात टेकून टेकून रंग उडालेला असतो. मोजणी करणाऱ्याने नुसती ही ठिकाणं नकाशावर मांडली तरी पादचारी पूल कुठे हवेत ते कळेल.

अगदी टोकाचं उदाहरण वैतरण्याजवळच्या वाढीवचं. खाडीच्या पाण्याने वेढलेलं गाव, स्टेशन गाठायला पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेच्याच पुलांवरून, रुळांच्या कडेने चालत जायचं. आजारी माणसाला झोळीत घालून न्यायचं तेही तिथूनच. या गावाला घुसखोर कसं म्हणायचं? दुसरी वाटच नव्हती.

पंचाळीचा पूल कुठे उतरणार

चौपदरीकरणाबरोबर या मार्गावर सात नवी स्टेशनं सुचवलेली आहेत. त्यांत वाढीव आहे. सरतोडी, माकुणसार, चिंतुपाडा आहेत. आणि उमरोळी-बोईसरच्या मधे पंचाळी आहे. पंचाळीला गाडी थांबली तर उमरोळीच्या फलाटावरचा काही भार तिकडे जाईल, कामगारांचा फेरा वाचेल. गावोगाव याचं कौतुकाने बोलणं होतं, जमिनीचे भावही बोलले जातात.

स्टेशन आलं की पादचारी पूल येणार. पण पादचारी पूल दोन तऱ्हांचे असतात. एक फलाटावरून फलाटावर उतरतो. तो प्रवाशांचा, त्यावर पाऊल टाकायला तिकीट लागतं आणि टीसी उभा असेल तर विनातिकीट गावकऱ्याला दंडही होऊ शकतो. दुसरा रेल्वेच्या हद्दीबाहेर एका रस्त्यावरून चढतो आणि पलीकडच्या रस्त्यावर उतरतो, फलाटांना वाटेत जिने सोडतो. तो प्रवाशांचाही आणि गावाचाही. नकाशावर दोन्ही एकाच रेघेने दाखवतात. फरक शेवटच्या दहा-पंधरा मीटरांचा असतो, आणि ती लांबी वाढवायचा खर्च बांधकाम चालू असताना होतो त्याच्या कित्येक पट नंतर होतो, तेव्हा पुन्हा कलम १७ निघतं आणि पैसे मागितले जातात पंचायतीकडे.

म्हणून या गावांनी पुढच्या ग्रामसभेत ठराव करायचाच असेल तर 'पूल मिळावा' एवढंच लिहू नये असं मला वाटतं. पूल कोणत्या गटनंबरातून चढावा, कोणत्या रस्त्यावर उतरावा, त्याला उतरण हवी की नुसता जिना, जिना असेल तर डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला वळता येईल इतका त्याचा टप्पा रुंद हवा, हे सगळं लिहावं. आणि सकाळी सहा ते नऊ शाळेतल्या पोरांना वही-पेन्सिल देऊन ओलांडणारी माणसं मोजायला बसवावं, सुगीत एकदा आणि पावसाळ्यात एकदा. तो आकडा टीव्हीयूच्या तक्त्यात बसणार नाही. ठरावाला मात्र तो जोडता येतो, आणि फाईल कोळगावला जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर आली की त्यांना तो वाचावा लागतो.